गोदाकाठची पहिली मालिका

पैठणहून नांदेडमार्गे धर्माबाद तालुक्याला वळसा घालत गोदावरी बासरजवळ तेलंगणात शिरते. याच नदीकाठच्या सातवाहनांच्या दरबारातल्या गुणाढ्याने पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत ‘बृहत्कथा’ रचली, असं परंपरा सांगते. आख्यायिकेनुसार सात लाख श्लोकांचा ग्रंथ राजाने नाकारला. गुणाढ्य रानात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत ते आगीत टाकू लागला. प्राणी चरणं विसरून ऐकत राहिले; राजाच्या ताटात वाळकं मांस आलं, तेव्हा कुठे चौकशी झाली. आगीतून बचावले एक लाख श्लोक: शिष्यांना आवडणारी राजपुत्र नरवाहनदत्ताची कथा. म्हणजे उरली ती अद्भुत प्रेमकथाच!

मूळ ग्रंथ आज नाही. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात त्याच कथेवरून रचलेला ‘कथासरित्सागर’ मात्र आहे: १८ लंबक (खंड), १२४ तरंग (प्रकरणं). नायकाचं भवितव्य ठाऊक असूनही उत्कंठा कशी टिकते, हे पाहण्यासाठी लेखकाने तो वाचावा. नरवाहनदत्त विद्याधरांचा, म्हणजे आकाशचारी अर्धदेवांचा, चक्रवर्ती होणार, हे आधीच जाहीर आहे. तरी वाचक थांबत नाही, कारण त्याची लाडकी पत्नी मदनमंचुका पळवली जाते आणि तिच्या विरहात कुणी ना कुणी त्याला नवी गोष्ट सांगत बसतं. वेताळाच्या पंचवीस कथाही याच सागरातल्या. विद्याधर आकाशातून उडतात खरे, पण रुसवे, मत्सर अगदी माणसांचे.