बरोबर बाई कोण?

कर्नाटकातल्या संकेश्वरच्या कॉलेजातली मुलगी बास्केटबॉलच्या विद्यापीठ संघात निवडली गेली, तर ती राणी चन्नम्मा विद्यापीठाकडून दक्षिण विभागाच्या स्पर्धेला जाते. पंधराएक किलोमीटरवरच्या, पण महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजची मुलगी शिवाजी विद्यापीठाची, म्हणून तिचा विभाग पश्चिम. एकीची गाडी तमिळनाडू-केरळकडे, दुसरीची गुजरात-राजस्थानकडे. खेळ तोच, रिंगही दहा फुटांवरच. पण वेळापत्रक, आरक्षण, परीक्षेच्या तारखा, सगळे वेगळे. हे जुळवायचे कोणी? आपल्याकडे उत्तर ठरलेले आहे: फिजिकल डायरेक्टरांनी. प्रशिक्षक तेच, मॅनेजर तेच, आणि कबड्डी-खोखोचे संघही त्यांच्याच गळ्यात. माझे म्हणणे असे की हे काम स्वतंत्र आहे, शिकून करण्याचे आहे, आणि मुलींच्या खेळात तर त्यावाचून संघच उभा राहत नाही. मुलगी चार रात्री परगावी जाणार म्हटले, की घरचे स्कोअर विचारत नाहीत. बरोबर बाई कोण, उतरायची सोय कुठे, परत यायला किती वाजतील, हे विचारतात. याची खात्रीची उत्तरे नसली, तर बारा जणी सोडाच, मैदानात उतरायला पाच जणी जमवणेही अवघड.

अमेरिकेत हे काम वेगळे काढलेले आहे. 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई झाली, मुलींचे खेळ वाढले, आणि पुढे ‘डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स’ हे पद रुळले. प्रवास, जेवण, अंदाजपत्रक, सामन्यांचे व्हिडिओ, नियमांची पूर्तता हे सारे त्या व्यक्तीकडे. सुरुवात पुष्कळदा विद्यार्थी-मॅनेजर म्हणून होते, म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि टॉवेलपासून. मग क्रीडा व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता सहायकाची जागा. त्यासाठी नामांकित खेळाडू असावेच लागत नाही, हे मला यात सर्वांत मोलाचे वाटते.

अमेरिकेचे कौतुक इथे काय कामाचे, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. आपल्या कॉलेजांत त्या नावाची जागा निघत नाही. जवळचे पद शारीरिक शिक्षण संचालकाचे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार त्यासाठी 55 टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, नेट-सेट किंवा पीएच.डी., स्पर्धांतल्या सहभागाचा पुरावा आणि क्षमता चाचणी लागते. तिशीपर्यंतच्या महिलेला आठ मिनिटांत हजार मीटर. वाट लांबची आहे, पण बंद नाही. छोट्या कॉलेजला वेगळा माणूस परवडणार नाही, हा आक्षेपही रास्त. मात्र हुक्केरी, चिकोडी, निपाणी भागातल्या चार-पाच कॉलेजांनी मिळून एक व्यवस्थापिका नेमली तर खर्च वाटला जाईल. स्पर्धा एकाच हंगामात येतात हे खरे. पण पात्रतेचे अर्ज, गुणपत्रिका, पालकांशी बोलणे ही कामे कितीतरी आधीची. त्यांना कारकुनी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की एका अपुऱ्या अर्जापायी चांगली खेळाडू बाकावरच बसते.

पद मंजूर होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. येत्या हंगामात कॉलेजांनी बारा खेळाडूंबरोबर एक विद्यार्थिनी-मॅनेजर रीतसर नेमावी, आणि प्रमाणपत्रावर तिचेही नाव छापावे.