त्यक्त मुद्रणांचे मोल

१

ध्वनिमुद्रित संगीताच्या व्यवहारात ‘बॉक्स सेट’ या नावाने ओळखला जाणारा एक प्रकार आहे. दीर्घकाळ गात आलेल्या एखाद्या बँडची प्रसिद्ध मुद्रणे बाजारात असतातच. परंतु ती घडत असताना जे मागे राहिले, म्हणजे कच्चे खर्डे, नापसंत झालेली मुद्रणे, एकाच गीताचे निरनिराळे पाठ आणि मैफलींची मुद्रणे, ते सर्व पुढे कधीतरी एका पेटीत घालून रसिकांपुढे ठेवले जाते. भाषाविभागाच्या पत्रिकेत रॉक संगीताच्या पेटीचे काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या पेटीने उभा केलेला प्रश्न मूलतः पाठचिकित्सेचा आहे आणि खानदेशातील बोलींचा अभ्यास करणाऱ्यास तो टाळता येण्याजोगा नाही. एकाच रचनेची अनेक रूपे हाती आली असता त्यांपैकी ‘खरे’ कोणते मानावे, आणि उरलेल्यांचे काय करावे, हा तो प्रश्न होय.

२

विवेचनासाठी अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या बँडचे उदाहरण घेऊ. हा बँड १९६५ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाला आणि १९९५ साली जेरी गार्सिया या त्याच्या प्रमुख वादकाच्या निधनानंतर विसर्जित झाला. या तीस वर्षांत त्याने स्टुडिओत बसून केलेले अल्बम अवघे १३. मैफली मात्र २,३०० हून अधिक. प्रत्येक मैफलीत गीतांचा क्रम वेगळा, विस्तार वेगळा. त्यांचे ‘डार्क स्टार’ हे गीत १९६८ साली प्रथम ध्वनिमुद्रिकेवर आले, तेव्हा ते तीन मिनिटांहूनही लहान होते. पुढच्याच वर्षी निघालेल्या मैफलीच्या मुद्रणात तेच गीत तेवीस मिनिटे चालते. यांपैकी पहिले मूळ आणि दुसरे त्याचा विस्तार, असे म्हणणे सोपे आहे. पण ते बरोबर नाही. श्रोत्यांपुढे या गीताला ठरीव लांबी अशी कधीच नव्हती.

ही गोष्ट श्रोत्यांनी फार लवकर ओळखली. ते मैफलींना टेपरेकॉर्डर घेऊन येत, मुद्रणे आपसांत बदलून घेत आणि प्रत्येक फितीवर दिनांक, स्थळ व गीतांचा क्रम काटेकोरपणे नोंदवीत. बँडने त्यांना मज्जाव तर केला नाहीच. उलट १९८४ पासून त्यांच्यासाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र जागा राखून ठेवली. २०१५ साली या संग्रहपरंपरेतून एक प्रचंड पेटी निघाली. तीत १९६६ ते १९९५ या प्रत्येक वर्षातील एक, याप्रमाणे तीस अप्रकाशित मैफली ऐंशी तबकड्यांवर मुद्रित आहेत. निवडक उत्तम गीतांऐवजी वर्षागणिक एक अखंड मैफल घेण्याची ही रचना आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तीत गीताचे कालानुसारी स्थित्यंतर कानांनी तपासता येते. भाषेच्या ऐतिहासिक अभ्यासकाला याहून अधिक ते काय हवे असते?

अशी सामग्री किती सहज नष्ट होऊ शकते, याचेही उदाहरण येथेच सापडते. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी केलेल्या अनेक फिती एका गोदामात पडून होत्या. गोदामाचे भाडे थकले आणि १९८६ साली त्या लिलावात विकल्या गेल्या. कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ च्या मैफलीचे मुद्रण त्यांनीच केलेले. ते पुढे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादीत समाविष्ट केले. परंतु बँडच्या वतीने ते अधिकृतपणे प्रसिद्ध व्हावयास २०१७ साल उजाडावे लागले.

३

पाठचिकित्सेची आपली परिचित पद्धती हस्तलिखितांवर उभी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभिलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ साली पूर्ण झाले. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी तेथे घालून दिलेला दंडक असा की, उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जेवढे मागे जाता येईल तेवढे जावे आणि तो पाठ वर छापावा. मात्र जे पाठभेद व प्रक्षेप वगळले, तेही तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवून ठेवावेत. संपादकाने निवड केली, पण टाकून काही दिले नाही. या अर्थाने चिकित्सक आवृत्तीची परिशिष्टे ही तिची ‘पेटी’च म्हणावयास हरकत नाही.

तथापि या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. हस्तलिखितांच्या मागे एखादे आद्य हस्तलिखित कल्पिता येते; मौखिक गीताच्या बाबतीत ती कल्पनाच अपुरी पडते. मिलमन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात तेथील गायकांची वीरगीते ध्वनिमुद्रित केली. त्यांचे शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली त्या आधारे असे प्रतिपादन केले की, मौखिक परंपरेत प्रत्येक गायन हीच एक रचना असते, आणि ‘मूळ’ व ‘रूपांतर’ हे शब्द तेथे लागू पडत नाहीत. गायक पाठ केलेले म्हणून दाखवीत नाही. परंपरेने दिलेल्या साच्यांतून तो त्या क्षणी गीत घडवितो. अशा ठिकाणी ‘शुद्ध पाठ’ निवडणे म्हणजे इतर रचना नाहीशा करणे होय.

४

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, खानदेशी बोलीला भिल्ल बोलींच्या समवेत स्थान मिळाले. त्या पाहणीत बोलींच्या नमुन्यासाठी एकच ठरलेली बायबलमधील कथा भाषांतरित करून घेत. तुलनेसाठी ही सोय उत्तम खरी. परंतु भाषांतर करून देणारा मनुष्य आपल्या घरात कसा बोलतो, हे तीतून कळत नाही.

दुसरे उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. काम करता करता त्या जे गात, ते त्यांचे पुत्र सोपानदेव व एक आप्त यांनी जमेल तसे लिहून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखविले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाला. त्यातील काही गीते पुढे ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटात वसंत पवारांच्या चालींवर घरोघर पोहोचली. हे लेखन झाले नसते तर सर्वच गेले असते. तेव्हा लिहून घेणाऱ्यांचे ऋण मोठेच आहे. परंतु अभ्यासकाला हेही स्मरले पाहिजे की, आपल्यापुढे आहे तो कागदावर उतरलेला पाठ होय. शेतात म्हटलेले गीत दुसऱ्या दिवशी जात्यावर कसे बदलत होते, ते त्या कागदावरून समजणार नाही.

५

येथे स्वतःच्या एका प्रमादाची नोंद करणे मला कर्तव्य वाटते. सुमारे वीस वर्षांपूर्वी, पीएच.डी.च्या कामासाठी, साक्री तालुक्यातील एका वृद्ध बाईंकडून मी कानबाईची गाणी कॅसेटवर घेतली. एक लांब गीत त्यांनी तीन वेळा म्हटले. पहिल्या खेपेला मध्येच सून काही विचारून गेली, शेळी ओरडली, दोन कडव्यांचा क्रम उलटसुलट झाला. दुसऱ्या खेपेला त्या अडखळल्या. तिसऱ्या खेपेचे गायन स्वच्छ, अखंड आणि सुस्पष्ट झाले. कॅसेटी मोजक्या होत्या. मी पहिल्या दोन खेपांवर दुसऱ्या दिवशीची मुलाखत मुद्रित केली.

पुढे लिप्यंतर करताना वहीतील टिपणे शेजारी घेतली, तेव्हा माझी चूक ध्यानात आली. पहिल्या खेपेच्या टिपणात ‘शे’ हे क्रियापद आणि षष्ठीचा ‘ना’ हा प्रत्यय होता. तिसऱ्या खेपेत त्या जागी ‘आहे’ आणि ‘चा’ आले होते. बाईंनी मला ओळखले होते. शहरातून आलेल्या, पुस्तकी मराठी बोलणाऱ्या पाहुण्यासाठी त्यांनी आपली अहिराणी हळूहळू झाकून घेतली. ज्याला मी शुद्ध पाठ समजलो, तो माझ्या उपस्थितीने घडविलेला पाठ होता. जो त्यांच्या घरचा होता, तो मीच पुसला. त्या बाई आज हयात नाहीत. वहीतील चार टिपणे हीच त्या गायनाची उरलेली खूण.

६

यावरून दुर्मिळ ते सर्व उत्कृष्ट, असा सिद्धांत काढणे चुकीचे होईल. बॉक्स सेट ही बाजारात विकावयाची वस्तू आहे. अनेक पेट्यांत केवळ भरताड असते, आणि कलावंताने जाणीवपूर्वक नाकारलेले प्रसिद्ध करावे काय, हा प्रश्न उरतोच. आपल्या गायिकांच्या बाबतीत तर तो अधिक नाजूक आहे. म्हणून जतन आणि प्रकाशन या दोन कृती भिन्न मानाव्यात. जतन सर्वांचे करावे. प्रकाशन गाणारीच्या संमतीने आणि संपादकाच्या विवेकाने व्हावे. आज ध्वनिमुद्रणाला जागेची टंचाई राहिलेली नाही. तेव्हा पुसण्यास आता सबबही उरलेली नाही.

क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी आखाजीची वा कानबाईची गाणी घेताना प्रत्येक खेपेला क्रमांक द्यावा. दिनांक, स्थळ, समोर कोण बसले होते आणि गायिका काम करीत होती की नाही, हे नोंदवावे. ग्रेटफुल डेडचे हौशी श्रोते एवढे करीत होते. आपण त्यांच्याहून उणे का पडावे? धुळ्यास १९२७ साली स्थापन झालेल्या संशोधन मंडळाला ज्यांचे नाव आहे, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी इतरांना रद्दी वाटणाऱ्या दप्तरांतून महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने गोळा केली. बोलीच्या अभ्यासकाची दप्तरे म्हणजे या अडखळलेल्या, मध्येच तुटलेल्या, शेळीच्या ओरडण्याने बिघडलेल्या खेपा होत. त्या प्रथम सांभाळाव्यात; निवड मागाहून करता येते.