पहिली पुडी कोणाच्या हातून?

कोकण विभागीय मंडळाचे निकाल २०१२ पासून स्वतंत्रपणे लागू लागले. तेव्हापासून दहावीच्या निकालात हा विभाग राज्यात अव्वल राहत आला आहे. सिंधुदुर्गातल्या पालकांना त्याचा अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. मात्र या अभिमानाच्या आडून एक गैरसमजही घट्ट झाला आहे. मूल रोज शाळेत जाते, गुण बरे मिळवते, म्हणजे त्याचे सगळे ठीक चालले आहे, असे गृहीत धरले जाते. व्यसने मुंबईत असतात, फार तर शेजारच्या गोव्यात. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या वाडीत ती कुठून येणार? कुणी शंका काढलीच तर उत्तर ठरलेले असते, ‘माझो झील तसो नाय.’

आकडे मात्र वेगळे सांगतात. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ९.६ टक्के, तर मुलींमध्ये ७.४ टक्के होते. म्हणजे हा प्रश्न केवळ मुलग्यांचा नाही. शहरांपेक्षा ग्रामीण भागातले प्रमाण अधिक होते. सर्वांत महत्त्वाची बाब सुरुवातीच्या वयाची. तोंडात धरायची तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती दहावे वर्ष पूर्ण होण्याआधीच पहिल्यांदा चाखली होती. पालक सावध होतात ते मूल अकरावी-बारावीला गेल्यावर. तोपर्यंत सहा-सात वर्षे निघून गेलेली असतात.

मशेरीचा डबा आणि सुपारीचे खांड

२०१६-१७ च्या प्रौढांच्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर धूर नसलेली तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. आपल्या राज्यातली तंबाखू ओढण्याची कमी आणि तोंडात धरण्याची जास्त आहे. कोकणात तव्यावर भाजून कुटलेली मशेरी अनेक घरांत आजही आहे. सकाळी मागच्या दारी आजी मशेरी लावते आणि शेजारी नात उभी असते. तिच्या लेखी ती दात घासायची पूड असते. रापण ओढून झाली की तळहातावर तंबाखू-चुना मळला जातो, तेव्हा तिथे लहान मुलेही असतात. ‘जा, एक पुडी घेऊन ये’ म्हणून दुकानात पिटाळले जाते तेही मुलालाच. त्यामुळे पहिली पुडी नेहमी वाईट संगतीतल्या मित्राकडूनच येते असे नाही. पुष्कळदा ती घरच्याच कुणासाठी आणलेली असते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ते विकण्यास बंदी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सुपारीकडे तर कुणी धोका म्हणून पाहतच नाही. दारात सुपारीची बाग असते आणि पाहुण्यापुढे पानसुपारी ठेवण्याची रीत असते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तिच्यात तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवले. सुपारीतल्या घटकांमुळे गालाच्या आतल्या अस्तरात तंतू साचत जातात, अस्तर पांढरट व कडक होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. हा विकार कर्करोगपूर्व मानला जातो. आलेला कडकपणा पूर्णपणे मागे जात नाही. गोड सुपारी, मग सुगंधी सुपारी, मग तंबाखूची पुडी अशी वाट धरायला मुलाला फार वेळ लागत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी लपूनछपून मिळणाऱ्या पुड्यांवर अवलंबून राहण्याचे वय खाली येत असेल तर ते घरातच लक्षात यायला हवे.

त्यासाठी दोन साध्या गोष्टी पुरतात. नेहमी झणझणीत माशाची आमटी खाणारे मूल अचानक ‘तोंड जळता’ म्हणून तिखट टाळू लागले, तर त्याचे तोंड उजेडात पाहावे. त्याची स्वतःची तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जातात का, तेही पाहावे. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवण्यात विलंब करू नये.

मित्र बघत असताना

या वयातली मुले धोका पत्करतात ती अक्कल नसल्यामुळे, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. चौदा वर्षांच्या मुलाला शांतपणे विचारले तर कशात धोका आहे हे तो मोठ्या माणसाइतकेच नीट सांगतो. अडचण मेंदूच्या वाढीच्या क्रमात आहे. कौतुक, थरार आणि बक्षीस यांना प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग वयात येताना जोरात काम करू लागतो. थांबणे, पुढचा विचार करणे ही कामे करणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १३ ते १६ वर्षांच्या मुलांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला गेला. एकटे असताना ती बरीच सावध होती. मित्र बघत असताना त्यांनी घेतलेला धोका जवळपास दुप्पट झाला. प्रौढांवर मित्रांच्या हजेरीचा असा परिणाम दिसला नाही.

यावरून पालकांना एक उपयोगी गोष्ट कळते. ‘तंबाखू वाईट असते’ हे मुलाला ठाऊकच असते. त्याला हवे असते ते चारचौघांत ‘नको’ म्हणण्याचे साधन. जत्रेच्या रात्री दशावतार रंगलेला असताना, मंडपामागे कुणी बाटली पुढे केली तर काय म्हणायचे, हे घरी आधीच बोलून ठेवलेले बरे. ‘बाबा तोंडाचा वास घेतात’ हे कारणही चालते. दोष पालकांवर ढकलून मूल मित्रांत आपली पत राखू शकते आणि पालकांनी ते खुशाल ढकलू द्यावे.

दारूच्या बाबतीत वय फार महत्त्वाचे असते. अमेरिकेतल्या १९९७ च्या एका मोठ्या पाहणीत १५ वर्षांपूर्वी पिणे सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेल्याचे दिसले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर सुरुवात हेच एकमेव कारण असे यातून सिद्ध होत नाही. घरची परिस्थितीही त्यात असते. तरीही सुरुवात लांबवणे फायद्याचे, हे यातून दिसते. म्हणून सणाच्या दिवशी ‘एक घोट घे रे’ म्हणणाऱ्या काकांना घरच्यांनीच थांबवायला हवे.

नशेचा आणखी एक प्रकार पालकांच्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर, पेट्रोल हुंगणे ही लहान वयातली नशा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय अहवालात हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के होते. प्रौढांपेक्षा मुलांत जास्त आढळलेला नशेचा हा एकमेव प्रकार. यात हृदयाचे ठोके बिघडून अचानक मृत्यूही येऊ शकतो, अगदी पहिल्याच खेपेला.

आणि गाडी. सातवी-आठवीतला मुलगा स्कूटीवर मागे दोघांना घेऊन बाजारात जातो, याचे घरात कौतुक होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. दंडाहून मोठा प्रश्न डोक्याच्या दुखापतीचा आहे. ती मात्र कोणत्याही कायद्याने भरून येत नाही.

पाळत नको, बोलणे हवे

मुलांवर बारीक लक्ष ठेवले की ती बिघडत नाहीत, असा समज आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २००० मध्ये चौदा वर्षांच्या मुलांचा आणि पालकांचा अभ्यास केला तेव्हा वेगळेच दिसले. ज्या पालकांना मुलांबद्दल खरी माहिती होती, त्यांना ती मुख्यतः मुलांनीच आपण होऊन सांगितली होती. दप्तर तपासून, उलटतपासणी घेऊन ती फारशी मिळत नव्हती. ‘खंय होतस इतको वेळ?’ हा प्रश्न दारातच दरडावून विचारला तर एका शब्दाचे उत्तर मिळते. तोच प्रश्न जेवताना, किंवा होडीवर जाळे नीट करताना शेजारी बसून विचारला तर गोष्ट पुढे सरकते.

पुडी सापडलीच तर त्या क्षणी मारू नये आणि शाळेत तमाशाही करू नये. राग शांत झाल्यावर चार गोष्टी विचाराव्यात: काय घेतलेस, केव्हापासून, किती वेळा आणि कोणाबरोबर. एकदा चाखून पाहणे आणि रोज लागणे यांत मोठा फरक आहे. रोज लागत असेल, पैसे गायब होत असतील, झोप आणि अभ्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडला असेल, जुने मित्र एकाएकी तुटले असतील, तर समुपदेशकाची मदत घ्यावी. घरात बापच तंबाखू मळत असेल तर मुलाला दिलेला उपदेश वाया जातो. अशा घरात बापाने आणि मुलाने एकाच दिवशी सोडायला सुरुवात करावी.

वाडीने ठरवले तर

आइसलंडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले गेल्या महिनाभरात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. तिथे भाषणांवर भर नव्हता. मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचे याची वेळ ठरवली गेली, एका शाळेतल्या पालकांनी एकत्र येऊन करार केले आणि खेळ, संगीत, नाटक यांसाठी सरकारने पैसे दिले. थरार हवाच असलेल्या वयाला तो सुरक्षित जागी मिळाला.

किनाऱ्यावरच्या वाडीला हे जमण्यासारखे आहे. एखाद्याच घराने ‘जत्रेतून दहाला परत’ असा नियम केला तर मूल एकटे पडते. पंधरा घरांनी मिळून केला तर तो वाडीचा रिवाज होतो. कोणत्याही मुलाला पुडी आणायला पाठवायचे नाही, दुकानदाराने द्यायची नाही, अठराच्या आत गाडीची चावी नाही, एवढे तीन ठराव गणपतीआधीच्या बैठकीत होऊ शकतात. कबड्डी, पोहणे, भजन, दशावतार यांत मुलांना जागा देणे हा त्याच कामाचा दुसरा अर्धा भाग आहे.

मदतही जवळ आहे. सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयोगटासाठी ‘मैत्री क्लिनिक’ चालतात. आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ते कोणत्या दिवशी असते, हे विचारून घ्यावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, नशामुक्तीसाठी १४४४६, मानसिक त्रासासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे निःशुल्क क्रमांक आहेत. ते घरातल्या दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावेत, मुलांनाही दिसतील असे.