उलटी होण्याआधी

सकाळी ८. किमोच्या डे-केअरमध्ये आधी कागद बघते. सिसप्लॅटिन कुणाला आहे? त्याने उलट्या हटकून होतात, एका औषधावर भागत नाही. पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि ईसीजी पाहते. उलटी रोखणाऱ्या ऑनडॅन्सेट्रॉनने हृदयाची लय बिघडू शकते. हे क्षार कमी असले तर धोका वाढतो. त्याच्या जोडीच्या डेक्सामेथासोनने साखर चढते, म्हणून डायबेटिसवाल्यांची साखर आधीच तपासते.

८.३०. उलटीवरच्याच ॲप्रेपिटंटची १२५ मिलिग्रॅमची कॅप्सूल. किमोच्या तासभर आधी ती पोटात गेलीच पाहिजे.

९. ऑनडॅन्सेट्रॉन सॅलाइनमधून, १५ मिनिटांत. डेक्सा अगदी हळू. भसकन सोडलं तर गुप्तांगाजवळ आग होते, खाज सुटते. बायका लाजेने बोलत नाहीत, घाबरून मुठी आवळून बसतात. म्हणून सुई लावण्याआधीच कानाशी सांगते, "काकू, खाली झोंबलं तर लगेच सांगा, मी हळू करते."

११. "उलटी झाली का?" या प्रश्नाला "नाही" एवढंच उत्तर येतं. पण मळमळ बादलीत दिसत नाही, ती विचारूनच कळते. दहापैकी किती, हे आजींना सांगता येत नाही. मी विचारते, डबा उघडला का? चहाचा वास सोसवला का? घरून निघतानाच मळमळत होतं का? शेवटच्या प्रश्नाला "हो" आलं की डॉक्टरांना मुद्दाम सांगते. मागच्या किमोची धास्ती अशी आधीच पोटात उठते.

१२.३०. कुणाला मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड लिहिलंय. पोट फुगलंय, गॅसही सरत नाही, अशा पेशंटला ते देत नाही. आतडं अडलेलं असू शकतं, आधी डॉक्टर. द्यायचंच तर निदान तीन मिनिटं लावून, आणि नंतर शेजारी थांबून. तरुण मुलींची कधी मान वळते, डोळे वर जातात, जबडा आवळतो. नातेवाइकांना वाटतं, अंगात आलं. हा औषधाचा परिणाम आहे, फेनर्गनसारख्या इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतो, हे तिच्या आईला तिथेच सांगावं लागतं.

३. घरी जाण्याची वेळ, आणि माझ्या मते दिवसातलं सगळ्यात मोठं काम. सिसप्लॅटिनची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते, तेव्हा शेजारी सिस्टर नसते. गोळ्या त्रास नसला तरी घ्यायच्या. ऑनडॅन्सेट्रॉनने शौचाला खडा होतो. तेवढ्यासाठी लोक गोळी परस्पर बंद करतात, म्हणून पाणी आणि रेचक आधीच सांगते. रात्रीची ओलान्झापिन बघून दुकानदार म्हणतो, ही तर मानसिक आजाराची गोळी, आणि ती पाकिटातच राहते. तिने मळमळ थांबते, हे नवऱ्यालाही बसवून सांगते. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २०२४ मधल्या अभ्यासात १० ऐवजी २.५ मिलिग्रॅमही तितकीच उपयोगी ठरली, गुंगी कमी आली. सकाळी उठून चूल पेटवायची असते त्या बाईसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

४.३०. फाइलवर फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिते. "ताई, घोटभर पाणीही टिकेना, लघवी कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. निघून या."