रानडुक्कर, परवाना आणि पडीक वरकस

हेदवीच्या दशभुज गणपतीला जाताना डोंगरउतार निरखून पाहावेत. नाचणी-वरीच्या कित्येक वरकस जमिनींवर आता रान माजले आहे. कसणारे हात मुंबईस गेले आणि रानडुकरांना आयताच आडोसा मिळाला. रात्री कळप उतरतो, पीक तुडवितो, कंद उकरतो. कंटाळून शेजारीही शेत सोडतो, आणि रान आणखी एक गडगा ओलांडते.

म्हणून ‘शिकार मोकळी करा’ अशी मागणी होते. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमान्वये, उभे पीक नासणारे डुक्कर मारण्यास अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. मारलेले जनावर मात्र सरकारजमा! मग रात्रभर जागणाऱ्याच्या पदरी काय, हा प्रश्न वावगा नव्हे.

परवाना अवश्य मिळावा. परंतु मादी एका विताला चार-सहा पिले घालते. आडोसा कायम असेल तर दोन-चार डुकरे पडून काय होणार? श्रोतेहो, ती पडीक वरकस कदाचित आपणांपैकीच कोणाची असेल. वाडीने मिळून सौरकुंपण घातले, तरी पावसाळ्यात वेली तारेला टेकून तिचा झटका उतरतो. सारखी बेणणी करावी लागते, आणि तिला गावात माणसे लागतात.