ओवीखालचे नाव

एकोणिसाव्या शतकात खानदेशातल्या बायका गाणी रचत होत्या का, असे अमळनेरातल्या कोणत्याही म्हाताऱ्या बाईला विचारले तर ती हसेल. जात्यावर, अखाजीच्या झोक्यावर, कानबाईच्या रात्री बायका दुसरे काय करत होत्या? मात्र ‘कोणी रचली?’ असे विचारले की उत्तर एकाच नावापाशी थांबते : बहिणाबाई चौधरी. जन्म १८८० सालच्या नागपंचमीचा, जळगावजवळच्या असोद्याचा. त्यांच्या आईच्या किंवा आजीच्या पिढीतली एखादी गीतकर्ती नावानिशी सांगा म्हटले, तर आपण सगळेच गप्प होतो.

या गप्प होण्याचे कारण ओवीच्या घडणीतच आहे. दळणारीचा एक हात खुंट्यावर असतो. जात्याचा फेरा हाच ताल. चाल आईकडून आलेली, ठरलेली. दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकायचे आणि तेवढ्यात पुढचा चरण जुळवायचा. या ओवीत नावासाठी एक जागा राखलेली असते, पण ती भावाची किंवा बाळाची. अभंगात जनाबाई शेवटी आपली नाममुद्रा उमटवते. जात्यावरची बाई तिथे भाऊरायाचे नाव घालते. तीच ओवी दुसरीच्या तोंडी गेली की दुसरीच्या भावाचे नाव येते. अशी दहा घरे फिरून आलेली ओवी पहिल्यांदा कोणाच्या मनात उठली, हे ती ओवीच विसरलेली असते.

अमळनेरकरांना हे अधिक लागायला हवे. १९२४ ते १९३० या काळात इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी पुढे ‘स्त्रीजीवन’ हा ओव्यांचा मोठा संग्रह सिद्ध केला. आई, भाऊ, सासर, बाळ अशा नात्यांनी त्यांनी ओव्या लावल्या. ओव्यांखाली रचणारीचे नाव नाही, आणि त्याबद्दल गुरुजींना दोष देणे मला पटत नाही. सांगणारीच ‘मी रचली’ म्हणत नाही, तर टिपणाऱ्याने काय लिहावे?

युरोपातला प्रकार वेगळा होता. तिथे नाव होते, ते बदलले गेले. फॅनी मेंडेल्सोनची सहा गाणी तिचा भाऊ फेलिक्स याच्या दोन संग्रहांत त्याच्या नावाने छापली गेली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने फेलिक्सला आवडते म्हणून गाऊन दाखवलेले गाणे नेमके फॅनीचे निघाले, आणि त्याला तसे कबूल करावे लागले. आपल्याकडे कबुली द्यायलाही कोणी नव्हते.

मग बहिणाबाईंचे नाव कसे उरले? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न, तिशीत वैधव्य, शेत आणि मुले. बाकीच्या बायकांहून वेगळे एवढेच, की मुलगा सोपानदेव स्वतः कवी झाला. तो आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी जमेल तशी गाणी उतरवून घेत गेले. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. सोपानदेव कपाशीच्या व्यापारात पडले असते तर? हा विचार मला अस्वस्थ करतो. बहिणाबाईंनी एका गाण्यात ‘बहिना’ असे आपले नावही गुंफले आहे, पण वही नसती तर त्या जागीही कोणा भावाचे नाव आले असते.

एक जुना गैरसमज इथेच दूर करावा. ही गाणी अहिराणी नव्हेत. अमळनेर-धुळ्याकडच्या अहिराणीत षष्ठीला ना-नी येते, ‘रामना’, ‘रामनी’. बहिणाबाईंच्या लेवा बोलीत चा-ची आहे. ‘ळ’चा ‘य’ होणे, डोळ्याचा डोया, हे दोन्हीकडे असल्याने घोटाळा होतो.

आणि वहीत शब्द उतरले, चाल उतरली नाही. १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ही गाणी घरोघर गेली, पण त्या चाली वसंत पवारांच्या, जात्याच्या नव्हेत. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रात लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; गाणारीचे नाव आणि गाव नोंदले, काहींचा आवाजही ध्वनिमुद्रित करून घेतला. हे झाले तोवर पिठाची गिरणी खेडोपाडी पोचून बराच काळ लोटला होता.

माझ्याकडे आजीच्या बावीस ओव्या एका जुन्या वहीत आहेत, मीच शाळेत असताना लिहिलेल्या. तीन ओव्यांत माझ्या वडिलांचे नाव आहे. आजीला त्या तिच्या सासूकडून मिळाल्या होत्या, म्हणजे त्या जागी आधी दुसरे नाव असणार. ते कोणाचे, हे मी तिला विचारले नाही. वहीवर मात्र ठळक अक्षरांत माझे नाव आहे.