पाण्यातील बाग आणि तिचा तोल

दिवाणखान्यात माशांची काचपेटी येते ती बहुधा मुलांच्या हट्टापायी. मासे येतात, पाठोपाठ हिरव्या वनस्पती येतात, आणि काही दिवस सारे घर त्या पेटीभोवती जमते. पुढे काचेवर हिरवा थर चढतो, पानांना केसांसारखे शेवाळ वेढते, आणि अखेर पेटी माळ्यावर जाते. दोष पाण्याला दिला जातो. आमच्या मते दोष पाण्याचा नसून तोलाचा असतो.

या बागेचे जीवन प्रकाश, खत आणि कार्बन डायऑक्साइड म्हणजेच कर्बवायू या तिघांवर चालते. पाण्यात बुडालेली पाने उन्हात बुडबुडे सोडतात आणि अंधारात ते थांबतात, हे यान इंगेनहूझ या डच वैद्याने १७७९ मध्ये दाखवून दिले. पुढे १८४० च्या सुमारास लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक नियम लोकमान्य केला : वनस्पतीची वाढ मुबलक असलेल्या द्रव्यावर नव्हे, तर सर्वांत कमी पडणाऱ्या द्रव्यावर ठरते. बैलगाडीची चाल मंद बैलाच्या पावलानेच ठरते, तसेच हे.

पेटीतील मंद बैल बहुधा कर्बवायू असतो. हवेच्या मानाने पाण्यात वायू सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. कमळाची किंवा जलपर्णीची पाने हवेतून वायू घेतात, म्हणून त्यांना ही ददात नाही. बुडालेल्या पानांना मात्र ती सतत असते. अशा वेळी आपण अधिक तेजस्वी दिवा लावतो, म्हणजे धावणाऱ्या बैलालाच चाबूक मारतो. प्रकाश वाढला की वनस्पतीची कर्बाची आणि खताची भूक वाढते. ती न भागल्याने वनस्पती खंगते, आणि उरलेल्या प्रकाशावर शेवाळाचे फावते.

यातून दोन वाटा निघतात. पहिली साधी : दिवा सौम्य ठेवावा, तो दिवसाकाठी सहा ते आठ तासच लावावा, पेटी खिडकीतील उन्हापासून दूर असावी, आणि व्हॅलिसनेरिया किंवा हायड्रिला यांसारख्या काटक वनस्पती लावाव्यात. जड पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही या दोन्ही वनस्पती कर्ब मिळवू शकतात. त्यामुळे विहिरीचे जड पाणी त्यांना सहसा मानवते.

दुसरी वाट खर्चाची व सावधपणाची. तीत नळकांड्यातून कर्बवायू सोडतात. लिटरमागे वीस ते तीस मिलिग्रॅम हे प्रमाण सामान्यतः पुरेसे मानतात. त्याहून वाढल्यास मासे गुदमरू लागतात. वायू दिव्यापूर्वी तासभर सुरू करावा आणि दिवा मालवण्यापूर्वी बंद करावा, कारण रात्री वनस्पती स्वतःच प्राणवायू घेऊन कर्बवायू सोडतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो; तेव्हा तर अधिकच जपावे. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर वायू तत्काळ बंद करून पाणी खळबळवावे.

खताचे काही काम मासेच करतात. त्यांच्या विष्ठेतून नायट्रोजन व फॉस्फरस मिळतो. पोटॅशियम आणि लोह मात्र पुष्कळदा कमी पडते. उणीव पानांवरून ओळखता येते : जुनी पाने पिवळी पडू लागल्यास बहुधा नायट्रोजन कमी, नवी पाने फिकट पण शिरा हिरव्या असल्यास बहुधा लोह कमी. मात्र कुंड्यांसाठी आणलेला युरिया पेटीत टाकू नये. त्यापासून अमोनिया होतो, आणि तो माशांना विषासमान आहे. दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलल्यास साचलेली द्रव्ये निघून जातात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन तेवढे आधी घालवावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निदान दोन आठवडे वाट पाहावी. तिन्ही गोष्टी एकदम वाढवल्यास गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे कळणार नाही. अति तेथे माती, हे पाण्यातही खरे आहे. म्हणून शेवाळ दिसताच नवा दिवा किंवा नवे औषध आणण्यापूर्वी आहे त्या दिव्याचे दोन तास कमी करून पाहावेत. या उपायाला खर्च नाही, आणि माशांच्या जिवाला धोकाही नाही.